मोटारीच्या दारातला गवई

मोटारीचे दार कशासाठी असते असे कुणी विचारले, तर विचारणाऱ्याकडे आपण जरा निरखून पाहू, इतके त्याचे उत्तर उघड आहे. आत शिरायचे, बाहेर पडायचे, आणि मधल्या वेळात पाऊस, धूळ व पुढच्या ट्रकचा धूर बाहेर ठेवायचा, एवढ्यासाठी दार. पण याच दाराच्या पोटात, खालच्या अंगाला, जाळीमागे एक गवई बसलेला असतो. तो आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो तिथे कधी आला, त्याला कुणी आणून बसवले, आणि घर गाण्याला इतके गैरसोयीचे असूनही तो तिथेच का राहिला, याची चौकशी करावी असे कुणाच्या मनात येत नाही.

चौकशी मात्र करण्याजोगी आहे. या गवयाला दारात आणून बसवण्याचे श्रेय मोटारींच्या कारखानदारांकडे फार थोडे जाते. पत्रा कापून, तारा ओढून, नखे काळी करून त्याला जागा करून दिली ती गाडीच्या मालकाने, नाही तर नाक्यावरच्या कारागिराने. कारखान्याने पुष्कळ उशिरा तीच कल्पना उचलली आणि जास्तीचे दाम लावून विकली. आजही नवी गाडी घरी आल्यावर पहिल्याच रविवारी दाराचे आतले आवरण उतरवून, कारखान्याने दिलेला स्पीकर काढून आपल्या पसंतीचा बसवणारे गृहस्थ अमेरिकेत आहेत, जपानात आहेत आणि डोंबिवलीतही आहेत. शेजारीपाजारी त्यांना वेडगळ समजतात. त्यांच्या वेडाला जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा आहे, हे शेजाऱ्यांना सांगणारा कुणी भेटत नाही.

(शब्दाविषयी थोडे. 'ध्वनिवर्धक' सभेच्या पत्रकावर शोभतो आणि 'कर्णा' म्हटले की लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे उभा राहतो. दारातल्या वस्तूला घरात आणि बाजारात सगळे स्पीकरच म्हणतात. आपणही तेच म्हणू.)

गोष्टीची सुरुवात मोटारीबाहेर, एका प्रयोगशाळेत होते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग हे दोघे अभियंते काम करीत. १९२५ साली त्यांनी बिनकर्ण्याच्या नव्या स्पीकरविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. कागदाचा शंकू, त्याच्या निमुळत्या टोकाला तारेचे हलके वेटोळे, आणि ते वेटोळे चुंबकाच्या अरुंद फटीत तरंगत ठेवलेले. गाण्याच्या चढउताराप्रमाणे वेटोळ्यातली वीज उलटसुलट वाहते, वेटोळे पुढेमागे सरकते, शंकू हवा ढकलतो, आणि आपल्याला गाणे ऐकू येते. हलत्या वेटोळ्याची कल्पना त्यांचीच नव्हती. जर्मनीत सीमेन्स यांनी १८७४ मध्ये आणि इंग्लंडात ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये तशी पेटंटे घेऊन ठेवलेली होती. राइस-केलॉग यांनी तिच्यामागचे शास्त्र नीट लावून तिला उपयोगात आणले. आज दिवाणखान्यात, खिशातल्या फोनात, मोटारीच्या दारात जे वाजते ते बहुतेक याच घराण्याचे आहे.

या दोघांनी आणखी एका गोष्टीवर भर दिला, आणि आपल्या गोष्टीत तीच अधिक महत्त्वाची आहे. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. स्पीकर नुसता हातात धरून वाजवला तर समोरची दाबलेली हवा कडेवरून वळसा घालून मागे जाते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. बारीक सूर यातून कसेबसे वाचतात, पण खर्ज नाहीसा होतो. तबल्यातला बायाँ गेला आणि नुसती चाट उरली, असे ते ऐकू येते. उपाय सोपा आहे. एका मोठ्या फळीला गोल भोक पाडावे, स्पीकर त्यात घट्ट बसवावा, म्हणजे पुढची हवा पुढे आणि मागची मागे राहते. वाचकांनी ही फळी लक्षात ठेवावी. दारात स्पीकर बसवणाऱ्यांची निम्मी अधिक दुःखे या फळीचीच आहेत.

आता मोटारीत येऊ. १९२८ च्या सप्टेंबरात शिकागोत पॉल गॅल्व्हिन यांनी भावाबरोबर एक छोटा कारखाना काढला. त्या काळचे घरगुती रेडिओ बॅटरीवर चालत, आणि ते घरातल्या विजेवर चालावेत म्हणून लागणारे उपकरण हा कारखाना बनवी. पण थोड्याच दिवसांत रेडिओच थेट विजेवर चालणारे निघू लागले आणि धंद्याच्या पायाखालची माती सरकली. त्यातच १९२९ ची मंदी आली. अशा वेळी गॅल्व्हिन यांनी मोटारीत रेडिओ बसवण्याचे मनावर घेतले. क्विन्सी गावचे एल्मर वेव्हरिंग आणि विल्यम लिअर हे दोन तरुण त्यांच्या मदतीला होते. हेच लिअर पुढे आपल्या नावाची जेट विमाने बनवून प्रसिद्धीस आले. लिअर-वेव्हरिंग यांना ही कल्पना नदीकाठी मैत्रिणींसमवेत सूर्यास्त पाहताना सुचली, अशी एक कथा सांगतात. असेलही. नदीकाठी बसून गाणे आठवणे ही काही फक्त आपल्या कवींची मिरास नाही.

रेडिओ होता, पण तो मोटारीत वाजवणे हा निराळाच प्रपंच होता. इंजिनातल्या प्रत्येक प्लगमध्ये ठिणगी पडते, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओच्या दृष्टीने एक लहानसे प्रक्षेपण केंद्र. गाणे सुरू झाले की त्यावर फुटाण्यांचा तडतडाट. तो थांबवण्यासाठी एकेका प्लगवर रोधक चढवायचा. रेडिओच्या नळ्यांना लागणारा विजेचा दाब गाडीच्या बॅटरीत नसे, म्हणून पायाखालची फळी कापून जादा बॅटऱ्यांची पेटी गाडीच्या पोटाखाली टांगायची. आकाशतार म्हणून छताचे कापड उसवून त्यामागे जाळी पसरायची. स्पीकर समोरच्या फलकाखाली, बसणाऱ्याच्या गुडघ्यांजवळ. हे काम दोन माणसांना दोन दोन दिवस पुरे. कारखान्यातून मिळायचा तो रेडिओ म्हणजे केवळ कच्चा शिधा. स्वयंपाक बसवणाऱ्यालाच करायचा होता.

गॅल्व्हिन यांच्याविषयी एक गोष्ट त्यांच्याच चरित्रात सांगितली जाते. कर्ज हवे होते म्हणून त्यांनी बँकवाल्या गृहस्थाच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासात ती पॅकार्ड पेटली. कर्ज मिळाले नाही हे सांगायला नकोच. तरीही १९३० च्या जूनमध्ये ते आपली स्टुडबेकर हाकीत अटलांटिक सिटीला रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनाला गेले. मंडपात गाळा घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी गाडी बाहेर रस्त्यावर उभी केली, रेडिओ मोठ्याने लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांना तो ऐकवला. परतताना खिशात मागण्या होत्या. मोटार आणि त्या काळच्या 'व्हिक्ट्रोला' वगैरे नावांच्या शेपटीतला 'ओला' जोडून रेडिओचे नाव ठेवले 'मोटोरोला'. बसवून देण्यासकट किंमत एकशेदहा ते एकशेतीस डॉलर. फोर्डची अख्खी गाडी पाच-सहाशेत मिळत होती! पाचवा हिस्सा रक्कम गाण्यावर घालणारी माणसे मंदीतही निघाली, याचे अर्थशास्त्रज्ञांना काय वाटेल ते वाटो, आपल्याला नवल वाटू नये. पोटाला चिमटा घेऊन नाटकाचे तिकीट काढणारी माणसे आपण पाहिली आहेत.

विरोधही लगेच झाला. गाणे ऐकणारा चालक झोपी जाईल किंवा रस्ता सोडील, अशी भीती घालून मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि सेंट लुई शहरात १९३० सालीच मोटारीतल्या रेडिओवर बंदीचे प्रस्ताव आले. ते तडीस गेले नाहीत. मॅसॅच्युसेट्सचे नाव मात्र ध्यानात असू द्या. त्या राज्याची गाठ पुन्हा पडायची आहे.

पुढची पंचवीस वर्षे थोडक्यात आटोपता येतील. रेडिओ खपतो असे दिसताच मोटार-कारखान्यांनी तो समोरच्या फलकात बसवून द्यायला सुरुवात केली, अर्थात वेगळ्या आकाराने. १९५५ मध्ये फिल्कोने नळ्या काढून टाकून निव्वळ ट्रान्झिस्टरांचा मोटार-रेडिओ क्रायस्लरसाठी काढला. त्याच सुमारास क्रायस्लरने गाडीत चक्क तबकड्या वाजवण्याचाही घाट घातला. मिनिटाला सोळा-पावणेसतरा फेरे घेणाऱ्या लहान तबकड्या आणि फलकाखाली यंत्र. तबकड्या एकाच कंपनीच्या मिळत आणि यंत्र बिघडे फार, त्यामुळे हौस काही वर्षांतच फिटली. या सगळ्या काळात स्पीकर बहुधा एकच असे, फलकाच्या मधोमध, तोंड वर काचेकडे करून. गाणे काचेवर आपटून कानात येई. कुणाची तक्रार नसे, कारण दुसरे काही ऐकलेलेच नव्हते.

तक्रार सुरू झाली ती स्टीरिओमुळे. १९६१ मध्ये अमेरिकेत एफएमवरून स्टीरिओ प्रक्षेपणास परवानगी मिळाली. १९६३ मध्ये फिलिप्सने लहान कॅसेट दाखवली. १९६५ च्या शरद ऋतूत फोर्डने १९६६ च्या गाड्यांत, आपल्या त्याच लिअरसाहेबांनी घडवलेली आठ-पट्टी टेप देऊ केली. स्टीरिओ म्हणजे डावे आणि उजवे. फलकाच्या मधोमध बसलेला एकुलता एक स्पीकर आता डावा कसा होणार आणि उजवा कसा? गाडीत डावी-उजवीकडे समोरासमोर असलेल्या, सपाट आणि रिकाम्या जागा दोनच. एक मागच्या काचेखालची फळी, दुसरी दारे. मागच्या फळीवर नऊ इंच लांब आणि सहा इंच रुंद असे लंबगोल स्पीकर बसले, ते अजून बसलेले आहेत. पण गवई पाठीमागे बसवून गाणे ऐकण्याची चाल कुठल्या मैफलीत आहे? समोरून गाणे हवे असेल तर दारच हवे होते.

दारात मात्र एक रहिवासी आधीपासून होता, तो म्हणजे काच. ती खाली उतरते तेव्हा दाराच्या पोटात येते, आणि तिच्या पुढे स्पीकरच्या पाठीसाठी जागा उरते ती दोन-अडीच इंच. जुन्या स्पीकरचे चुंबक ॲल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे. त्या धातूचा गुण असा की चुंबक लांबोडके केले तरच त्याची ताकद टिकते. असा स्पीकर दारात बसवला तर काच त्याच्या डोक्यावर येऊन आदळणार. हॉलंडमध्ये फिलिप्सच्या शास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत फेराइट नावाचे, मातीच्या भांड्यासारखे भाजून काढायचे चुंबक तयार केले. ते स्वस्त, आणि थालीपिठासारखे चपटे व रुंद केले तरी चालते. १९७८ मध्ये झाईरच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव कडाडले, आणि ॲल्निको वापरणारे उरलेसुरले स्पीकरवालेही फेराइटकडे वळले. आफ्रिकेतल्या खाणींतला तंटा आणि आपल्या दारातले गाणे यांचा असा संबंध आहे.

जागा झाली, चुंबक झाले, कॅसेटी झाल्या. जपानी आणि अमेरिकी कंपन्यांचे स्पीकर दुकानांत येऊन पडले. तरी गिऱ्हाईक दुकानाच्या दारात घुटमळत होते, आणि ते का घुटमळत होते हे शोधून काढणाऱ्या गृहस्थाची हकीकत मला या साऱ्या इतिहासात फार आवडते. व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल गावी विल्यम क्रचफील्ड नावाचा तरुण एक जुनी पोर्शे ३५६ गाडी दुरुस्त करीत होता. तिच्यात बसेल असा स्टीरिओ त्याला कुठे मिळेना. तेव्हा असा माल टपालाने विकावा असे त्याने ठरवले आणि १९७४ मध्ये आईच्या घराच्या तळघरात धंदा थाटला. माल चांगला, भाव रास्त, पण मागणी नाही. धंदा बुडण्याच्या बेताला आला, तेव्हा त्याने लोकांना प्रश्नावली पाठवून विचारले, की बाबांनो, तुम्ही घेत का नाही? उत्तरे आली त्यांत भावाची तक्रार नव्हती. तक्रार होती भीतीची. हे बसवायचे कसे? दार उघडायचे कसे? आणि उघडल्यावर पुन्हा मिटले नाही तर?

क्रचफील्डने आपली किंमतींची यादी मोडून तिच्या जागी मासिकासारखे पुस्तक काढले. त्यात वस्तूंबरोबर लेख होते: स्पीकर कसा निवडावा, आवरण कसे काढावे, तारा कशा जोडाव्यात. पुढे त्याची माणसे एकेका नव्या गाडीचे दार स्वतः उघडून मापे घेऊ लागली आणि गाडीगणिक सूचनांचे कागद मालाबरोबर जाऊ लागले. धंदा चालला. विकला जात होता स्पीकर, पण गिऱ्हाइकाला खरे हवे होते ते धैर्य, आणि ते कागदावर छापून देता येते हे त्याने ओळखले. आपल्याकडे रुचिरा वाचून पहिल्यांदा पुरणपोळी केलेल्या सुनांना हे समजावून सांगायला नको.

त्या सूचनांत असे काय असे? दार उघडणे म्हणजे काय प्रकरण असते ते पाहू. आधी बॅटरीची ऋण तार सोडवायची. काच खालीवर करण्याचा दांडा काढायचा. तो एका चिमुकल्या तारेच्या कडीने अडकवलेला असतो आणि ती कडी दिसत नाही. जाणते लोक दांड्यामागे फडके घालून ते दोन्ही हातांनी इकडून तिकडे ओढतात, म्हणजे कडी टुणकन उडते आणि गाडीखाली जाते. मग कडेच्या क्लिपा एकेक करून उपसायच्या, दोन-चार तुटतातच. आवरण निघाले की मागे प्लॅस्टिकची पातळ पन्नी चिकटवलेली दिसते. नवशिक्याला ती बांधणीतला कचरा वाटते आणि तो ती फाडून टाकतो. येथे पहिला अपराध घडतो.

कारण मोटारीच्या दारात पाऊस पडतो. ही अतिशयोक्ती नाही. काचेच्या बाहेरच्या कडेला रबराची पट्टी असते, पण ती पाणी पुरते अडवत नाही. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटात जाते आणि तळाशी मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांतून बाहेर पडते. पन्नी ते पाणी आत, गाडीत येऊ देत नाही. म्हणजे आपला गवई एका गळक्या कोठीत उभा राहून गात असतो. कागदाचा शंकू अशा ठिकाणी दोन पावसाळ्यांत लगदा होतो. यावर उतारा इंग्लंडातून आला. बीबीसीच्या संशोधन विभागातले डडली हारवुड यांनी १९७० नंतरच्या दशकात पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा शंकू सिद्ध केला. त्यांचा हेतू स्टुडिओतला आवाज शुद्ध करण्याचा होता, पावसाचा त्यांनी विचारही केला नसेल. पण ते प्लॅस्टिक पाणी पीत नाही, आणि मोटारीच्या दाराला दुसरे काय हवे होते?

आता ती फळी. राइस-केलॉग यांच्या हिशेबाने दार ही मोठी थोरली फळीच आहे. पण कशी? पातळ पत्र्याची, ठिकठिकाणी भोके पाडलेली, आणि आत हजार वस्तू खडखडत असलेली. पुढची हवा त्या भोकांतून मागच्या हवेला भेटायला धावते. खर्जाबरोबर पत्रा स्वतःच थरथरू लागतो आणि गाण्यात आपला सूर मिसळतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये एक निबंध वाचला होता, आणि १९७० च्या पुढे सिडनीत रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेले. स्पीकर आणि त्याचे घर यांचे जमेल की नाही हे पत्रिका जुळवावी तसे आकड्यांनी आधीच सांगता येते, असे त्या दोघांनी दाखवून दिले. थिएल यांचा निबंध दहा वर्षे कुणी फारसा उघडला नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापला गेला तेव्हा जग जागे झाले. दारासाठी म्हणून वेगळे स्पीकर आखणे त्यानंतर शास्त्रशुद्ध झाले. तरी पत्रिका जुळली म्हणून संसार होतोच असे नाही. दाराची भोके बुजवणे, पत्र्याला आतून डांबरी किंवा रबरी जाड पट्ट्या चिकटवून त्याची थरथर मोडणे, स्पीकरच्या कडेखाली फोमचे कडे घालणे, हे हाताचेच काम राहिले. महागडा स्पीकर नुसता चार स्क्रूंवर लटकवून दिला तर तो साध्यापेक्षा वाईट वाजतो, आणि नेटका बसवलेला साधा स्पीकर ऐकून माणूस चकित होतो. माझ्या मते या विषयातली निम्मी विद्या त्या फोमच्या कड्यात आहे.

आपल्याकडे या साऱ्याला वेगळीच कळा होती. मुंबईकरांनी जिला 'डुक्कर फियाट' म्हटले तिच्यापासून ते पद्मिनीपर्यंत, आणि तिकडे ॲम्बेसेडरमध्येही, गाडी म्हणजे इंजिन, चाके आणि बसायला बैठक. रेडिओ हवा तर तुमचा तुम्ही बघा. शिवाय रेडिओ म्हणजे पोस्टातून काढायचा परवाना आणि वर्षाची फी. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. परदेशी यंत्रांवर आयातीचे निर्बंध. जपानी कॅसेट-प्लेअर येत तो बोटीवर काम करणाऱ्या मामाकडून किंवा आखातातल्या मेव्हण्याकडून, नाही तर मनीष मार्केटमधून, आणि तिथे पावती मागणे शिष्टसंमत नव्हते. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळत. मग कुणी ओळखीचा कारागीर सायंकाळी चाळीखाली गाडीत उलटा झोपून काम करी आणि मालक हातात विजेरी धरून उभा राही. क्रचफील्डचा कागद इथे कुणी पाहिला नव्हता. तो कागद त्या कारागिराच्या बोटांत होता.

पण आपल्या लोकांनी स्पीकर दारात घालण्यापेक्षा मागच्या फळीवर ठेवणे पसंत केले. पद्मिनीचे दार कापायला मन होत नसे, कारण गाडी वर्षानुवर्षे क्रमांक लावून मिळालेली. टॅक्सीवाल्यांनी मागच्या काचेपाशी स्पीकरांच्या पेट्या मांडल्या, त्यांना झालरी लावल्या, शेजारी प्लॅस्टिकची फुले ठेवली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तरी मागची पेटी हटली नाही. तिची दारे तर आणखी पातळ. मात्र मागच्या फळीवर ऊन इतके की कागदाचा शंकू पापडासारखा कडक होऊन तडके. म्हणजे दारात पाऊस आणि फळीवर ऊन, अशा कात्रीत आपला गवई सापडला होता. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेल्या, आणि त्या झालरींच्या पेट्याही गेल्या.

आता बहुतेक गाड्यांत चार स्पीकर कारखान्यातूनच येतात. तरी माणसे दारे उघडतात, कारण कारखान्याने दिलेला स्पीकर पुष्कळदा पाव किलोचासुद्धा नसतो. चौकट प्लॅस्टिकची, चुंबक सुपारीएवढे, आणि सगळे रिव्हेट ठोकून कायमचे केलेले. दार उघडणे मात्र आता पूर्वीइतके भाबडे काम नाही. काही गाड्यांत कारखाना आपल्या दुबळ्या स्पीकरला सांभाळून घेण्यासाठी आवाजाचा कस आधीच वाकडा करून पाठवतो, त्यामुळे चांगला स्पीकर बसवावा तर तो वाकडेपणा इमानाने ऐकवतो. काही गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारे यंत्र असते. बाजूने धडक बसली की दार चेपते, आतल्या हवेचा दाब एकदम वाढतो, आणि त्यावरून बाजूची हवेची पिशवी फुगते. अशा दाराला हौसेने नवे भोक पाडले किंवा आवरण नीट न लावता तसेच सोडले, तर गाण्याची किंमत फार मोठी पडू शकते. या पिशव्यांच्या तारांच्या जोडण्या पिवळ्या रंगाच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने पान्याला हात लावू नये.

मग दारे मालकाला बंद झाली काय? भांडण चालू आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी कौल दिला, की गाडी दुरुस्त करायला लागणारी माहिती कारखान्याने मालकाला आणि बाहेरच्या कारागिरालाही दिली पाहिजे. २०२० मध्ये गाडी बिनतारी पाठवते त्या माहितीपर्यंत हा हक्क त्यांनी वाढवला, आणि त्यावर मोटार-उत्पादक न्यायालयात गेले. तो कायदा काही स्पीकरसाठी केलेला नाही. पण ज्या राज्यात १९३० साली गाडीत रेडिओ नको म्हणून प्रस्ताव आला होता, तिथल्याच मतदारांनी गाडीच्या पोटात काय आहे हे मालकाला कळले पाहिजे असे म्हणावे, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. कारखान्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही, पिवळ्या जोडणीचा धोका खराच आहे. पण धोका समजावून देणारा कागद छापता येतो, हे शार्लट्सव्हिलच्या तळघरात एकदा सिद्ध झालेले आहे.

त्या कागदावरच्या बऱ्याच ओळी बदलल्या. शेवटची मात्र राइस-केलॉग यांच्या फळीइतकीच जुनी आहे. दोन्ही दारे मिटवून झाल्यावर, आवरणाचा शेवटचा स्क्रू पिळण्याआधी, भरपूर खर्ज असलेले एखादे गाणे लावावे आणि आवाज डावीकडून उजवीकडे नेण्याचे बटण फिरवून पाहावे. दोन्ही स्पीकर चालू असताना खर्ज मरगळलेला आणि एकच चालू ठेवल्यावर तो भरून आला, तर एका दारात अधिक-उणे तारा उलट लागल्या आहेत. एक शंकू हवा ढकलतो आहे आणि त्याच क्षणी दुसरा ओढतो आहे. कुठल्या दारात चूक झाली ते दीड व्होल्टच्या साध्या सेलने कळते. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला क्षणभर टेकवले की शंकू बाहेर यायला हवा. आत गेला तर ते दार पुन्हा उघडायचे, आणि या खेपेला ती कडी गाडीखाली जाण्याआधी फडक्यात पकडायची.